अकरा वाजताची ‘पाच मिनिटं’

या सदरात उत्तरं देणारी मी शरीरक्रियाशास्त्राची शिक्षिका. तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, त्यातली अकरा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते. या वेळच्या पत्रांत फोन, झोप आणि अभ्यास यांचा गुंता इतक्यांदा आलाय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेईन. पहिलं पत्र जवळजवळ पूर्ण देते आहे. बाकीच्या पत्रांत जे तुटक तुटक होतं, ते या मुलीने एका ठिकाणी लिहिलं आहे.

प्रश्न : ताई, मी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. रात्री थोडं वाचून अकराला आडवी होते. पाच मिनिटं रील्स बघू आणि झोपू म्हणते, आणि घड्याळात बघते तर सव्वादोन! सकाळी सातला उठावंच लागतं. पहिल्या लेक्चरला डोळे मिटतात, दुपारी डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. गेल्या सेमिस्टरला दोन विषयांत गुण घसरले. तीनदा इन्स्टाग्राम काढून टाकलं आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत परत घेतलं, कारण माझ्या चित्रांचं एक पेज आहे. आणि वर्गाच्या नोट्स, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच येतं. माझ्यात निग्रहच नाही, असं आता वाटायला लागलंय. सोशल मीडिया, तब्येत आणि अभ्यास यांचा समतोल कसा साधायचा? आणखी एक. मला आपणहून कोणी मेसेज करत नाही. मग मीच सगळ्यांचं बघत बसते.

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. निग्रहाचं आधी बोलू, कारण त्या एका शब्दापायी तू स्वतःला फार बोल लावून घेतला आहेस.

रेक्टर असताना रात्री बाराच्या फेरीला मी दारांखालच्या फटींकडे बघत जायची. ट्यूबलाइटचा उजेड स्थिर असतो. फोनचा उजेड हलतो. आत्ता निळसर, लगेच पिवळा, मध्येच मंद. एकदा एका खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मुलगी कुशीवर आडवी, फोन उशीला टेकवलेला, सगळ्या अंगात हलत होता तो फक्त अंगठा. पडद्यावर कुणीतरी खदाखदा हसत होतं आणि हिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी आत जाऊन तिच्या पायाशी बसले. विचारलं, “आत्ता बघितलेले शेवटचे पाच व्हिडिओ कशाचे होते गं?” ती आठवत राहिली. एक सांगता आला. मग म्हणाली, “मॅडम, मला कधीची झोप आलीय.” झोप आलेली मुलगी झोपत नव्हती, आणि तिला त्यात मजाही येत नव्हती. तेव्हापासून मी मुलींना ‘मन घट्ट कर’ म्हणणं सोडून दिलं.

तुझ्या बोटाखाली जे सरकतं त्याला तळ नाही, हे लक्षात घे. पूर्वी इंटरनेटवर पान संपायचं. खाली ‘पुढचं पान’ असायचं, त्यावर क्लिक करताना क्षणभर हात थांबायचा आणि त्या क्षणात माणूस उठून जाऊ शकायचा. 2006 मध्ये एझा रास्किन या डिझायनरने न संपणारं पान तयार केलं. खाली जावं तसं आणखी येत राहतं. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात भर म्हणजे पुढचा व्हिडिओ कसा निघेल ते सांगता येत नाही. दहा टाकाऊ, मग एक झकास, मग चार टाकाऊ. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांना चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की ती थकेपर्यंत चोच मारत राहायची. ठरावीक वेळी दाणा मिळणारी कबुतरं मधूनमधून थांबायची. रात्री सव्वादोनला तुझा अंगठा सरकत असतो तो याच ओढीने. दिवसभर दमलेल्या मेंदूने ही ओढ रात्री अकराला नुसत्या मनाच्या जोरावर परतवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यामुळे यापुढे अकरा वाजताच्या तुझ्यावर काही सोपवायचं नाही. जे ठरवायचं ते नऊ वाजताच्या, डोकं ताळ्यावर असलेल्या तुझ्याकडून करून घ्यायचं.

आता समतोलाबद्दल. तू तीन पारड्यांचा तराजू डोळ्यांसमोर ठेवला आहेस. मला तसं वाटत नाही. झोप हा पाया आहे आणि अभ्यास त्यावर उभा आहे. सव्वादोन ते सात म्हणजे पावणेपाच तास. मोठ्या माणसाने रोज किमान सात तास झोपावं, असं अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञसंस्थांनी 2015 मध्ये एकमताने सांगितलं. म्हणजे रोज सव्वादोन तासांची तूट, आठवड्याला पावणेसोळा तास! आणि दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. गाढ झोपेत मेंदू दिवसभराचं पुन्हा उजळून घेतो. तू रात्री दहाला वाचलेला धडा पक्का व्हायची वेळ होते तेव्हा तू रील्सवर असतेस, आणि सकाळचं लेक्चर ऐकायची वेळ होते तेव्हा तू पेंगत असतेस. दोन विषयांचे गुण कुठे गेले ते इथे शोध. तुझ्या बुद्धीला काही झालेलं नाही.

पुष्कळ मुली मला सांगायच्या, “मॅडम, मी नाइट मोड लावते, पडदा पिवळट होतो.” डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी आहेत ज्या दिसण्यासाठी नसून दिवस की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी असतात. निळसर उजेड त्यांना जास्त जाणवतो, आणि मग झोपेची वेळ झाल्याचा निरोप देणारं मेलाटोनिन उशिरा पाझरतं. हे खरं आहे. पण किती खरं? 2014 च्या अखेरीस हार्वर्डच्या संशोधकांनी बारा जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक पाच रात्री झोपण्याआधी चार तास उजेडाच्या टॅबलेटवर पुस्तक वाचायचे आणि पाच रात्री छापील पुस्तक. टॅबलेटच्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. दहा मिनिटं! तुझे सव्वातीन तास जातात. उरलेला सगळा वेळ उजेड खात नाही, त्या उजेडात जे चाललंय ते खातं. तेव्हा पडदा पिवळा करून तू स्वतःची समजूत काढू नकोस.

मग करायचं काय? झोपण्याच्या वेळेपासून सुरुवात करू नकोस. सातला उठतेस ते कायम ठेव, रविवारीसुद्धा. सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत लोळलीस की त्या रात्री एकपर्यंत डोळ्याला डोळा लागणार नाही आणि सोमवार पुन्हा तसाच जाईल. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेरच्या उजेडात ये, दहा-पंधरा मिनिटं चाल. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. ते सकाळी लागलं की रात्री झोप आपणहून लवकर येते.

आणि फोन हाताच्या अंतरावर ठेवायचा नाही. उशीखाली नाही, उशाशी नाही, टेबलावर पालथाही नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाच्या वरच्या फळीवर, चार्जरसकट. त्यासाठी उठून, चपला घालून, हात उंच करून तो काढावा लागला पाहिजे. ती चार पावलं म्हणजे तुझं हरवलेलं ‘पुढचं पान’ आहे. गजरासाठी साधं घड्याळ घे. “गजर फोनवर लावते ना” या एका कारणावर मी किती फोन उशाशी परतलेले पाहिलेत! खोलीतल्या मैत्रिणीलाही सांग; दोघींनी एका फळीवर ठेवले तर फारच सोपं जातं. पहिले तीन-चार दिवस तू छताकडे बघत पडशील आणि नको नको ते विचार येतील. ते येऊ देत. उशाशी वही ठेव, मनात येईल ते एका ओळीत टिपून ठेव. तू चित्रं काढतेस, तर चित्र काढ.

अभ्यासाचं थोडक्यात. वाचायला बसताना फोन खोलीबाहेर किंवा बंद बॅगेत. 2017 मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी जवळजवळ आठशे जणांना डोकं लावायची कामं दिली. ज्यांचा फोन आवाज बंद करून टेबलावर पालथा ठेवला होता, त्यांच्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांची कामं चांगली झाली. नंतर काहींनी असेच प्रयोग केले तेव्हा फरक इतका ठळक आला नाही, तेव्हा मी त्याची शपथ घेणार नाही. पण करून बघायला काही लागत नाही. चाळीस मिनिटं बस, मग दहा मिनिटं ऊठ. त्या दहा मिनिटांत फोन घेऊ नकोस. सुट्टी फोनवर गेली की डोळ्यांना सुट्टी मिळतच नाही. पडद्याकडे बघताना पापण्या मिटण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, डोळे कोरडे पडतात, म्हणून ते चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघ. खिडकीबाहेरचं झाड चालेल. डोकेदुखी मात्र झोप सुधारूनही राहिली तर डोळे तपासून घे. चष्म्याचा नंबर बदललेला असतो आणि पोरी खापर फोनवर फोडत बसतात.

ग्रुप आणि पेज तू सोडू नयेस असं माझं मत आहे. ‘काढून टाकलं, परत घेतलं’ या खेळात प्रत्येक वेळी तू हरलीस असं वाटत राहतं. वर्गाचा ग्रुप म्यूट कर, दुपारी जेवताना आणि संध्याकाळी सहाला उघड, नोट्स उतरवून घे, बंद कर. प्रॅक्टिकलची बॅच रात्री साडेअकराला बदलली तरी सकाळी सातला कळून तुझं काही अडत नाही. पेजबाबत तू स्वतःच एक हिशोब मांड. चित्राचा फोटो काढून, दोन ओळी लिहून टाकायला किती वेळ लागतो? वीस मिनिटं. आणि कोणी कोणी लाइक केलं हे दिवसभरात किती वेळा बघतेस? ते बघणं म्हणजे पेजचं काम नव्हे. लाइकचे आकडे लपवायची सोय 2021 पासून इन्स्टाग्रामवर आहे, ती चालू कर. शक्य झालं तर पेज लॅपटॉपवरून चालव. तिथे अंगठा इतका सैल सुटत नाही.

आता तुझं ते शेवटचं वाक्य. ‘आणखी एक’ म्हणून तू ते कडेला लिहिलंस. माझ्या मते तुझं पत्र तिथून सुरू होतं.

रात्री अकरा ते सव्वादोन तू लोकांमध्ये असतेस असं तुला वाटतं. खिडकीबाहेर उभं राहून दुसऱ्याच्या घरातला उजेड बघावा तसं ते आहे. सगळे कुठेतरी एकत्र दिसतात, हसताना दिसतात, आणि तू काचेच्या अलीकडे. जितकं जास्त बघशील तितकं एकटं वाटेल, आणि एकटं वाटेल तितकं जास्त बघशील. 2018 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहा मिनिटंच वापरायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखं. तीन आठवड्यांनी दहा मिनिटंवाल्यांचा एकटेपणा आणि उदासपणा कमी झालेला आढळला. त्यांना कोणी पूर्ण बंद करायला सांगितलं नव्हतं, हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं.

मेसेज कोणी करत नाही म्हणतेस. तू कोणाला करतेस? हा टोमणा नाही, खरंच विचारते आहे. बघणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसातून एकदा, एका माणसाला, नाव घालून, काहीतरी नेमकं लिही. ‘हाय’ नको. ‘काल प्रॅक्टिकलला तुझं टायट्रेशन पहिल्या झटक्यात बरोबर आलं, कसं केलंस?’ असं. किंवा त्याहून बरं, लेक्चर सुटल्यावर प्रत्यक्षच विचार. माझ्या वसतिगृहात एक अबोल मुलगी होती. ती रोज संध्याकाळी जिन्यात बसून जर्नलमधल्या आकृत्या काढायची. खोलीत बसून काढता आल्या असत्या; ती मुद्दाम जिन्यात बसायची. येणारी-जाणारी थांबायची, बघायची, “माझी पण काढून दे ना” म्हणायची. ती म्हणायची, “काढून देत नाही, शिकवते.” वर्षअखेर त्या जिन्यात सहा-सात जणी बसलेल्या असायच्या. तुझ्या हातात चित्रकला आहे. ती पेजवर टाक, पण जिन्यातही काढ.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. एवढं करूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खचलेलंच राहिलं, कशात रस वाटेनासा झाला, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार डोकावले, तर वाट बघू नकोस. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, एकटीने जायला धीर होत नसेल तर कोणाला सोबत घे. तो आजार असतो, त्यावर उपचार असतात.

पंधरा दिवसांनी मला लिही. किती वाजता झोपलीस ते आधी कळव, गुणांचं नंतर.

प्रश्न : मॅडम, मी सोशल मीडियावर वेळ घालवत नाही, अभ्यासाचेच व्हिडिओ बघतो. रोज तीन-चार तास, दुप्पट वेगाने. सगळं समजतं, पण परीक्षेत आठवत नाही. असं का होतं?

उत्तर : वेग फार मोठा गुन्हेगार नाही. दुप्पट वेगापर्यंत समजण्यात विशेष घट होत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. गडबड अशी आहे, की समजणं आणि आठवणं या दोन गोष्टी तू एकच धरल्या आहेस. चांगला शिक्षक समजावून देत असताना सगळं सोपंच वाटतं, कारण कष्ट तो करत असतो.

रोएडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नसते. पंधरा मिनिटांचा एक व्हिडिओ बघ, फोन ठेव, कोरा कागद घे आणि दहा मिनिटं आठवून लिही. आकृती, सूत्र, जे येईल ते. अडशील, चिडशील, अर्धंच येईल. नेमकं तिथेच शिकणं चालू असतं. मग व्हिडिओतला राहिलेला भाग तेवढाच परत बघ. चार तासांचे दोन तास होतील. आणि व्हिडिओ संपल्यावर पुढचा आपोआप सुरू होतो ती सोय आज बंद करून टाक.

प्रश्न : माझा मुलगा पहिल्या वर्षाला बाहेरगावी शिकतो. दिवसभर मला वेळ होत नाही म्हणून रोज रात्री साडेदहा-अकराला फोन करतो. तेव्हा तो ऑनलाइन असतोच, आणि माझं बोलणं झाल्यावरही एक-दोनपर्यंत ऑनलाइन दिसतो. त्याच्याकडून स्मार्टफोन काढून घेऊन साधा फोन द्यावा का?

उत्तर : नको. मी रेक्टर झाले त्या वर्षी रात्री दहाला सगळ्या मुलींचे फोन ऑफिसात जमा करून घेतले. मला ते अगदी बरोबर वाटत होतं. महिन्याभरात कळलं, की बऱ्याच जणी जुना फोन जमा करतात आणि नवा गादीखाली ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे रात्री काही त्रास झाला, कोणी नको ते मेसेज पाठवले, तरी त्या मला सांगायला यायच्या बंद झाल्या, कारण सांगायचं तर फोन होता हे कबूल करावं लागायचं. एका सत्रात मी ते थांबवलं. अठराव्या वर्षी मुलाच्या हातून वस्तू काढून घेतली की तो ती लपवायला शिकतो.

तो कधी ऑनलाइन आहे ते बघत बसणंही थांबवा. ते बघायला तुम्हीही एक-दोनपर्यंत जागे असता, हे तुमच्याच पत्रात आहे.

तुमच्या हातात एक फार मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे तुमच्या फोनची वेळ. बाबांचा फोन साडेदहा-अकराला येणार, म्हणून त्याला त्या वेळी फोन जवळ ठेवावाच लागतो. एकदा हातात आला की तो सुटत नाही. तुमचा फोन साडेआठला करा. दिवसाची कामं आवरत नसतील तर रोज नको, एक दिवसाआड करा, पण साडेआठलाच आणि निवांत. त्याला मोकळेपणी सांगा, “साडेनऊनंतर मी फोन करणार नाही, तूही उचलायची काळजी करू नकोस. अगदीच तातडीचं असेल तर सलग दोनदा वाजवीन.” बहुतेक फोनमध्ये रात्रीचे सगळे आवाज बंद ठेवून, तोच नंबर लागोपाठ दुसऱ्यांदा आला तर तेवढाच वाजू देण्याची सोय असते. ती कशी लावायची हे त्यालाच विचारा, आणि तुमच्या फोनवरही त्याच्याकडून लावून घ्या. पहिल्या साडेआठच्या फोनला एवढं एक काम दोघांना पुरेल.